पंधरा मिनिटं पुढं

सतरा दिवस झाले, आमच्या टॅबवर अक्का दिसली नव्हती.

अक्का म्हणजे सिद्धम्मा, माझी थोरली मेव्हणी. उदगीरला भावाच्या घरी राहते. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिच्याशी बोलायचं ते हातांनी, आणि ते हात नीट समजणारी माणसं दोनच. एक तिची आई, ती गेली. दुसरी माझी बायको उमादेवी. आमच्या कंधारच्या घरी उमा रोज चारला टॅब उशीला टेकवून बसायची आणि दोघी बहिणी अर्धा तास हात नाचवायच्या. माझा विषय निघाला की अक्का मनगटावर दोनदा बोट मारते. तिच्या भाषेत ते माझं नाव. सगळी नोकरी एसटीत गेली, शेवटची बारा वर्षं कंट्रोलर म्हणून. माझ्या घरातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढं असतात. त्यामुळे माझी गाडी आयुष्यात एकदाही चुकली नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

टॅब माझ्या पुतण्यानं, लातूरच्या रविकिरणनं, स्वतःला नवीन घेतल्यावर आम्हाला दिला होता. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. मागच्या महिन्यात त्याच्या घराच्या वास्तुशांतीला त्यानं गाडी पाठवली, आम्ही पाच दिवस लातूरला राहिलो. टॅबला कुणी हात लावू नये म्हणून मी तो कपाटात कुलूपबंद करून गेलो. परत आलो तर मेलेला. चार्जिंगला लावला, तर एक जानेवारी दाखवत उठला. मी तारीख, महिना आणि वेळ नीट लावली. त्यानंतर व्हिडिओ कॉल लागेना. आधी अपडेट करा म्हणे. अपडेट केलं की गोल गोल फिरायचं आणि शेवटी एकच उत्तर, अपडेट होऊ शकले नाही.

मी काय काय केलं नाही? बंद करून चालू केला. वायफायचा डबा उपटून परत लावला. जागा कमी असेल म्हणून सुप्रभातचे सहाशे फोटो पुसले. भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवार असताना टॅब बुधवार दाखवायचा. ज्या कंपनीला वार कळत नाही ती अपडेट काय डोंबल करणार! जुना टॅब मुद्दाम बंद पाडायचा आणि नवीन गळ्यात मारायचा, हा डाव मी ओळखला होता. रविकिरणवरही संशय होताच. देताना त्यानं आत काहीतरी करून ठेवलं असणार.

उमा म्हणाली, "शेजारच्या कहकशांबाईच्या फोनवरून लावते की."

"आपल्या घरचं बोलणं लोकांच्या फोनात कशाला?" मी म्हटलं.

मग तिनं आमच्या साध्या फोनवरून भावजयीला विचारलं. भावजय म्हणाली, "अक्का रोज इथल्या टॅबापुढं बसून राहिली. तुमचा टॅब बिघडलाय हे किती हात हलवून सांगितलं, तिला पटंना. जेवण तुटलंय."

उमानं फोन ठेवला. "आई गेल्ती तवा अक्काला कुणी आठ दिवस सांगितलं न्हाई. आता तिला वाटून राहिलं आसंल, मी गेले." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "उद्या टॅब दाखवा. न्हाईतर मी एकटी गाडी करून उदगीरला जाते."

दुसऱ्या दिवशी रिक्षानं आम्ही बसस्टँडजवळ जिलानीच्या दुकानात गेलो. हा माणूस फोन दुरुस्त करतो आणि दुरुस्त करताना हसतो, ते मला आवडत नाही.

"ठेवून जा काका, संध्याकाळी या."

"मी इथंच बसतो."

टॅब उघडायचा पॅटर्न मी हाताचा आडोसा धरून टाकला. तो टॅब घेऊन आतल्या टेबलाकडं निघाला, तसा मी मागं निघालो.

"काका, मी काय पळून जाऊन राहिलो का? चला, तुम्हीबी चला."

त्यानं जागा बघितली, भरपूर होती. वायफाय बघितलं, ठीक होतं. मग तो सेटिंगमध्ये कुठंतरी थांबला आणि परत हसला.

"काका, ह्यात दोन हजार पंधरा साल चालू हाय. दहा वर्सं मागं राहिलेल्या टॅबला अपडेट कोण देणार? साल न्हाई बघितलं व्हय?"

नव्हतं बघितलं. डेपोच्या रजिस्टरवर साल पुठ्ठ्यावर एकदाच लिहायचं; आत रोज फक्त तारीख, महिना, वेळ. इतक्या वर्षांत हाताला तेवढंच वळण लागलं होतं.

"आन् ऑटोमॅटिक टाइम बंद केलाय. चालू आसता तर टॅबनं आपलं आपण साल लावलं आसतं. कुणी बंद केला?"

पंधरा मिनिटं पुढं ठेवायचं तर तो बंदच करावा लागतो. टॅब आला त्याच दिवशी मी केला होता.

"पुतण्यानं केला असेल," मी म्हटलं. उमानं माझ्याकडं बघितलं.

त्यानं ऑटोमॅटिक टाइम चालू केला. अपडेट सहा मिनिटांत झालं. माझ्या घड्याळात बरोब्बर चार वाजले होते, टॅबवर पावणेचार. जिलानी म्हणाला, "लावा मावशी, इथूनच लावा."

पहिल्याच रिंगला अक्का दिसली. आमच्या घरचे चार म्हणजे जगाचे पावणेचार, आणि माझ्या त्या खोट्या चारला ती सतरा दिवस टॅबापुढं येऊन बसत होती. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. उमा दिसली तसं तिनं दोन्ही तळहात काचेवर ठेवले. उमा रडायलाच लागली. मला माझी शरम वाटली.

मग अक्काचे हात सुरू झाले. भराभर काहीतरी विचारलं आणि शेवटी मनगटावर दोनदा बोट मारून मूठ घट्ट मिटली. कधी नव्हे ते मला सगळं कळलं. ह्यानं बंद केलं का?

उमानं टॅब माझ्याकडं वळवला.

जिलानी बघत होता. मी मनगटावर दोनदा बोट मारलं, मूठ मिटून दाखवली आणि मान हलवली. हो.