कोळसा फोडणारी बर्फकुऱ्हाड

मित्रांनो, माझी चोच बोथट झाली आहे आणि दांड्याला भेगा पडल्या आहेत. मी एक जुनी बर्फकुऱ्हाड आहे, बर्फाचा डोंगर चढताना आधाराला हातात धरायची. उत्तर स्कॉटलंडमधल्या एका लोहाराने मला ॲलस्टर नावाच्या मेंढपाळासाठी घडवले.

ॲलस्टर दर हिवाळ्याआधी कानशीने माझी चोच घासायचा, दांड्याला तेल चोळायचा. दोनदा तो डोंगरावरून घसरला आणि दोन्ही वेळा मी बर्फात रुतून त्याला धरून ठेवले. "हिच्यामुळे जिवंत आहे," असे तो गावभर सांगे. तो वारल्यावर मी त्याच्या मुलाकडे, मर्डोकडे आले. त्याने स्वतःला नवी, हलकी कुऱ्हाड आणली. मला खोपटात टाकले. आठ हिवाळे मी कोळसा फोडला.

मग गावात कीथ नावाचा पोस्टमन बदलून आला. बायको गेल्यापासून तो एकटाच होता. मर्डोने त्याला दारूच्या गुत्त्यात आपल्या टेबलाशी बसवून घेतले आणि तेवढ्यावर तो मर्डोचा झाला. मर्डो सगळ्यांदेखत त्याची टर उडवायचा, आणि कीथही सगळ्यांबरोबर हसायचा. एकदा तो म्हणाला, "मलाही बर्फातल्या डोंगरधारेवर ने ना."

फेब्रुवारीत एका सकाळी मर्डोने मला खोपटातून काढून कीथच्या हातात दिले.

"ही बोथट नाही का?" कीथने विचारले.

"तूही बोथटच आहेस. जोडी जमेल."

पायथ्याशी बर्फाचा एक सोपा उतार होता. ॲलस्टर नवख्या माणसाला तिथे तासभर मुद्दाम पडायला लावायचा. चोच बर्फात दाबून, तिच्यावर छाती टेकून कसे थांबायचे, ते शिकवायचा. कीथ तिथे थबकला.

"पडलो तर थांबायचं कसं, ते दाखव की."

"पडायचं नाही. झालं शिक्षण. चल, पोस्टमनसाहेब."

वर वाऱ्याने बर्फ काचेसारखा गुळगुळीत केला होता. डोंगरधार जेमतेम दोन पावले रुंद. मर्डो मुद्दाम भरभर चालत होता.

"मर्डो, जरा हळू. मला भीती वाटते रे."

"बायकोलाही असंच रडगाणं ऐकवायचास का?"

आणखी दहा पावलांवर कीथचा पाय निसटला. त्याने मला दांड्याच्या शेवटाला धरले होते. कुठे धरायचे ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. माझी चोच बर्फावर खरखरली. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, पण रुतायला माझ्याकडे टोकच नव्हते. मी त्याच्या हातातून सुटले. आम्ही दोघे तीनशे फूट खाली खडकांत जाऊन आदळलो.

मर्डोने फोन करून मदत बोलावली आणि तो सावकाश खाली उतरला. कीथचा डावा पाय गुडघ्यातून उलटा वळला होता.

"मी खाली जात होतो तेव्हा तू हसत होतास," कीथ म्हणाला.

"तुझे हातपाय कसे चालले होते, तू बघायला हवं होतंस."

दोन तासांनी बचाव पथक आले. त्यांची प्रमुख, इशबेल नावाची पांढऱ्या केसांची बाई, मला उचलून माझ्या चोचीवरून अंगठा फिरवत राहिली.

"याला थांबायला शिकवलं होतंस का?" तिने मर्डोला विचारले.

"तासभर. पण हा ऐकेल तर ना."

ती कीथकडे वळली. "खरं का हे?"

कीथने मर्डोकडे पाहिले. त्या गावात त्याला दुसरे कोणीच नव्हते.

"हो," तो म्हणाला. "शिकवलं होतं."

त्याचा पाय कापावा लागला. टपालाची नोकरी गेली, आणि वसंतात तो गाव सोडून निघून गेला. मर्डो त्याला निरोप द्यायलाही गेला नाही. गुत्त्यात मात्र तो ही गोष्ट अजून सांगतो, कीथच्या हातापायांची नक्कलही करून दाखवतो. लोक हसतात.

मित्रांनो, अवजाराला माया लावलीत तर ते वेळेला तुमचा जीव राखते. आणि जो मित्र तुमच्या भरवशावर डोंगर चढतो, त्याला आधी पडायला शिकवा. आज सकाळी मर्डोने मला पुन्हा खोपटातून काढले आहे. शेजारी नवीन राहायला आलेली मुलगी दारात उभी आहे. माझी चोच आहे तशीच आहे, आणि मुलगी विचारते आहे, "ही कशी धरायची?"