बाही

शिवण वाकडी गेली म्हणून कारखान्यातल्या मुकादमाने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. त्याच आठवड्यात मी ज्युदोच्या वर्गात नाव घातलं. लोक तिथे मन शांत करायला येतात. मला फक्त त्याला आपटायचं होतं. सर एवढंच म्हणाले, "ज्याला पाडशील त्याची बाही सोडायची नाही. त्याचं डोकं आपटता कामा नये."

मी कारखाना सोडला, वर्ग सोडला नाही. पुढे एक दिवस तोच मुकादम पोट कमी करायला वर्गात आला. त्याने मला ओळखलंसुद्धा नाही, आणि सरांनी त्याला पडायला शिकवायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याला कमरेवर घेऊन फेकताना बाही सोडायची, हे मी पक्कं ठरवलं होतं. पण मेला हात ऐकेना. मुकादम अलगद गादीवर टेकला.

"बरं झालं धरलंत, ताई," तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही मारलंत तेव्हा मला कुणी धरलं नव्हतं," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"उठा," म्हटलं, आणि पुन्हा त्याची बाही धरली.