माझ्या तिसऱ्या पायाशी

मी एक जुनी तिपाई आहे. चहाचे कप ठेवतात ती नव्हे, कॅमेरा ठेवतात ती. ज्या वर्षी फोटोकाकांच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. बहिणीच्या नव्या घरासाठी कपाट करायला सागवान आणले होते, त्यातले थोडे उरले. फोटोकाकांचे थोरले भाऊ सुतार होते. ते म्हणाले, "उरलंय त्यात तुझ्या कॅमेऱ्याला पाय करून देतो." लग्नघरातली धावपळ, पाहुण्यांची ये-जा, आणि मधेच एका कोपऱ्यात त्यांनी मला घडवले. एक डोळा कपाटावर, एक माझ्यावर.

मित्रांनो, घाईत केलेले काम पुढे आयुष्यभर बोलून दाखवते. माझे दोन पाय उत्तम जमले. तिसऱ्याचा वरचा सांधा मात्र ढिला राहिला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. माझा तिसरा पाय अंथरूण न पाहताच पसरायचा. कॅमेऱ्याचे ओझे आले की तो गुळगुळीत फरशीवर हळूहळू बाहेर सरकू लागे.

"दादा, हिचा पाय सरकतो," फोटोकाकांनी भावाला सांगितले.

"उद्या घट्ट करून देतो," दादा म्हणाले. सुताराचा उद्या. तो काही उगवला नाही.

आमचा स्टुडिओ एका टायरच्या दुकानाच्या वर होता. जिना अरुंद होता. आत आल्याबरोबर आरसा, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण न बांधलेले कंगवे गिऱ्हाइकाबरोबर जिना उतरून जात. मागच्या पडद्यावर एक तळे आणि एक होडी रंगवलेली होती. त्या होडीत इतक्या वर्षांत कोणी बसले नाही, पण निम्म्या गावाचे फोटो तिच्यापुढे निघाले. पडद्याच्या मागे काळोखी खोली होती. तिथे लाल दिव्याखाली फोटोकाकू फिल्म धूत असत. त्या फोटोकाकांच्या पत्नी. गल्लीतली मुले दोघांना याच नावांनी हाक मारत, म्हणून मीही तेच म्हणते.

पहिल्याच आठवड्यात एक मोठे कुटुंब फोटोला आले. सगळे नीट बसले, बाळ रडायचे थांबले, आणि नेमका माझा पाय सरकू लागला. काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी काही न बोलता आपले पाऊल माझ्या तिसऱ्या पायाला बाहेरून टेकवले. मी जागच्या जागी थांबले. काकांनी कळ दाबली आणि म्हणाले, "झालं." मग काकूंनी पाऊल काढले.

त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. काका म्हणायचे, "हलू नका." काकू पाऊल टेकवायच्या. काका म्हणायचे, "झालं." काकू पाऊल काढायच्या. एकदा त्यांनी 'झालं' ऐकण्याआधीच पाऊल उचलले, तर फोटोत सगळ्या वऱ्हाडाला दोन-दोन नाके आली. काका रागावले नाहीत, हसले. काकूंनी मात्र ते मनाला लावून घेतले. पुढे मुंगी चावली तरी, मागच्या राहत्या खोलीतून दूध उतू गेल्याचा वास आला तरी, 'झालं' कानावर पडल्याशिवाय त्यांचे पाऊल हलले नाही. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात. आमचे उलट होते. आम्ही तिघे जमलो की काम होत असे.

लोक कौतुक करत. "काय स्वच्छ फोटो आहे हो, केस न् केस मोजून घ्यावा." कोणी काकांचे कौतुक करी, कोणी माझ्यावर हात फिरवून म्हणे, "जुनं लाकूड ते जुनं लाकूड." काकूंचे पाऊल मात्र कोणाला दिसत नसे. ते फोटोच्या या बाजूला होते. इतक्या फोटोंमध्ये त्या कुठेच नाहीत, आणि तरी त्या प्रत्येकात उभ्या आहेत.

मग दिवस बदलले. माणसे खिशातून फोन काढून स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागली. जिन्यावर पावले वाजेनाशी झाली. माझ्यावर काळे कापड पडले. काका खिडकीपाशी बसून ढगांकडे पाहत राहत. एकदा ते काकूंना म्हणाले, "जन्मभर लोकांना 'हलू नका' म्हणालो, आणि लोकांनी ऐकलं. एकदा असं काहीतरी टिपायचंय, जे माझं अजिबात ऐकणार नाही."

"मग माझाच फोटो काढा," काकू म्हणाल्या.

काका खूप हसले. पण त्यांच्या मनात होती वीज. वादळाच्या मागे गाडी घेऊन जाणारी आणि लोकांना फोटो काढायला नेणारी एक सहल असते, हे त्यांना कुठूनतरी कळले होते. एक वाटाड्या असतो. त्याला आभाळ वाचता येते. तो तुम्हाला मोकळ्या माळावर नेऊन उभे करतो आणि सांगतो, "त्या बाजूला पाहा." काकांनी दोघांच्या दोन जागा धरल्या. माझ्या पायांना तेलपाणी केले. आणि निघायच्या आधीच ते आजारी पडले आणि गेले.

जाण्याआधी म्हणाले होते, "तू जा. वीज आण. पडद्याशेजारी भिंत मोकळी आहे, तिथे लाव."

"मला कुठे फोटो काढता येतो? माझं काम पाऊल टेकवायचं," काकू म्हणाल्या होत्या. त्यावर काकांनी त्यांना कॅमेऱ्याची कळ दाबायला शिकवले.

लेक आली, तिने खूप समजावले. "आई, वादळ आलं की लोक घरात येतात. तू या वयात बाहेर निघालीस?"

"तुझे बाबा आले असते ना?"

"बाबा असते तर गोष्ट वेगळी होती."

"हो," काकू म्हणाल्या, "वेगळीच होती." आणि त्यांनी माझे कापड काढले.

गाडीत वाटाड्याने प्रत्येकाला जागा दाखवली. काकूंच्या शेजारची जागा रिकामी होती. "इथं सामान ठेवू का कुणाचं?" त्याने विचारले.

"तिथे ही बसेल," काकूंनी मला उभे टेकवले आणि माझ्यावरून पट्टा ओढून लावला. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीशी बसले होते. पण ती जागा माझी नव्हती, हे मला प्रत्येक वळणावर कळत होते.

मागे एक दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांच्याकडे काळी, हलकी, चकचकीत तिपाई होती. ते म्हणाले, "काकू, ही तिपाई आहे की पाळण्याचा सांगाडा?"

"पाळणाच समजा. गावातली निम्मी पोरं हिच्यासमोर रडलीत."

"माझ्या खुर्चीत उरलेली निम्मी रडतात," डॉक्टर म्हणाले, आणि सगळी गाडी हसली. काकूही हसल्या. हसून झाल्यावर सवयीने त्यांनी शेजारी पाहिले, आणि तिथे मी होते.

वाटाड्या उंच, अबोल माणूस होता. गळ्यात एक शिट्टी होती. त्याने नियम एकच सांगितला. "मी शिट्टी वाजवली की हातातलं सगळं तिथंच सोडायचं आणि गाडीत यायचं. कॅमेरा नवा मिळतो." काकूंना तो म्हणाला, "काकू, तुम्हाला विशेष सांगतोय. ही लाकडाची बाईसाहेब तिथंच राहील."

"बघू," काकू म्हणाल्या.

"बघू नाही. हो म्हणा."

"हो."

पहिल्या दिवशी वादळाने पाठ फिरवली. आम्ही पोहोचलो तेव्हा ते दुसऱ्याच बाजूला निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळे एका पेट्रोलपंपाच्या छपराखाली ढगांची वाट बघत बसले. इतर लोक एकमेकांना आपले जुने फोटो दाखवत होते. काकू एकट्याच एका बाकावर बसून बिस्किटे खात होत्या. वाटाड्या चहा घेऊन त्यांच्याजवळ आला. त्याने माझा तिसरा पाय हलवून पाहिला आणि विचारले, "हा असा ढिला कसा?"

मग काकूंनी त्याला सगळे सांगितले. दादांचा उद्या, टेकवलेले पाऊल, दोन-दोन नाकांचे वऱ्हाड, आणि 'झालं'. "ते म्हटल्याशिवाय माझं पाऊल उचलतच नाही बघा. अंगवळणी पडलंय. आता म्हणणारं कुणी नाही, हा भाग निराळा." चहा निवला तरी वाटाड्या तिथेच बसून राहिला.

तिसऱ्या संध्याकाळी वादळ सापडले. माळाच्या कडेला आभाळ शाईसारखे काळे झाले होते आणि त्याच्या खालची कड हिरवट दिसत होती. वारा अंगावर येत होता. सगळ्यांनी भराभर तिपाया मांडल्या. काकूंनी मला ओल्या मातीत रोवले, काकांचा कॅमेरा वर बसवला, त्याला मेणकापडाची टोपी घातली. कॅमेऱ्याला एक लांब तार होती, तिच्या टोकाला कळ. काका शिकवून गेले होते, उजेड उतरला की कळ दाबून धरायची, कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा, वीज चमकली की सोडायची.

काकूंनी आपले पाऊल माझ्या तिसऱ्या पायाला टेकवले. कळ दाबली. पाऊल दगडासारखे स्थिर होते. लांबवर वीज चमकली. मला वाटले, आता त्या कळ सोडतील. त्यांनी सोडली नाही. दुसरी चमकली, जरा जवळ. तरी नाही.

शिट्टी वाजली.

डॉक्टर आपली चकचकीत तिपाई टाकून पळाले. सगळेच पळाले. पाऊस आडवा येऊ लागला. माझ्या सांध्यात पाणी शिरले. काकू जागच्या हलल्या नाहीत. मित्रांनो, त्या धीट नव्हत्या. मला त्यांचे पाऊल ठाऊक आहे, ते भीतीने गार पडले होते. पण त्या वाट पाहत होत्या. आणि मी, जिने तो शब्द त्यांच्याबरोबर जन्मभर ऐकला होता, ती लाकडाची. मला तोंड असते तर मी केव्हाच म्हणाले असते.

वाटाड्या धावत परत आला. "काकू, चला. वीज डोक्यावर आलीये."

"अजून नाही."

"काय अजून नाही? चला म्हणतो ना." त्याने त्यांचा दंड धरला. काकूंनी दंड सोडवून घेतला.

"ते म्हणाले नाहीत अजून," त्या म्हणाल्या.

पुढची वीज इतकी जवळ पडली की माती हादरली. वाटाड्याने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग खाली त्यांच्या पावलाकडे. ओढणे थांबवून तो वाकला आणि त्यांच्या कानाशी अगदी हळू, जसे घरातले माणूस बोलते तसे, म्हणाला, "झालं."

काकूंचा अंगठा कळीवरून निघाला. पाऊल उचलले गेले. वाटाड्याने कॅमेरा काढून जाकिटाखाली घेतला आणि काकूंना जवळजवळ उचलूनच गाडीकडे नेले.

मी तिथेच राहिले. नियमच तसा होता. वाऱ्याच्या जोराने माझा तिसरा पाय हळूहळू बाहेर सरकत गेला. त्याला थांबवायला कोणी नव्हते. मग मी आडवी झाले आणि तो पाय सांध्यातून मोडला. गाडीचे दिवे लांब गेले. इतकी वर्षे मला वाटत असे की मी कॅमेऱ्याला उभे धरते. त्या चिखलात पडल्यावर कळले, मला कोणी उभे धरले होते.

सकाळी काकू वाटाड्याला घेऊन परत आल्या. त्यांनी पदराने माझा चिखल पुसला. गाडीत मला पुन्हा त्याच जागेवर बसवले, पट्टा लावला. मोडका पाय त्यांनी मांडीवर घेतला. डॉक्टर त्या दिवशी विनोद करत नव्हते. फक्त म्हणाले, "दात असता तर बसवून दिला असता."

घरी आल्यावर काकूंनी स्वतः काळोख्या खोलीत ती फिल्म धुतली. कॅमेऱ्याचा डोळा इतका वेळ उघडा राहिला होता की एकाच फोटोत सगळ्या विजा उतरल्या होत्या. लांबची, जवळची, आणि ती हादरवणारी. मोठ्या झाडाची मुळे आभाळातून जमिनीकडे यावीत तशा. आणि खाली माळाची कड, सुतासारखी सरळ. जरासुद्धा हललेली नाही.

काकूंनी फोटो पडद्याशेजारच्या मोकळ्या भिंतीवर लावला. पुढ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीपाशी काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "आणली हो." खालच्या दुकानात कोणीतरी टायर ठोकत होते. तेवढाच आवाज होता.

आता स्टुडिओ नाही. मी लेकीच्या घरी गच्चीवर असते. माझा पाय तारेने बांधला आहे, डोक्यावर जास्वंदीची कुंडी आहे. तिसरा पाय सरकू नये म्हणून लेकीने त्याला वीट लावली आहे. वीट चांगली आहे. वीट कशाचीच वाट पाहत नाही. आभाळ भरून आले की मी त्या माळाच्या दिशेला बघते, आणि लेक कपडे काढायला धावत येते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ साचू देऊ नका, त्यांचे ढिले सांधे उद्यावर टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातही कोणीतरी फोटोच्या या बाजूला, काही न बोलता, पाऊल टेकवून उभे असेल. तुमचे काम झाले की त्यांना तसे सांगा. ते ऐकल्याशिवाय त्यांना तिथून निघता येत नाही.

फोटोकाका गेले ते त्यांची नात चालायला लागली त्या उन्हाळ्यात. फोटोकाकू गेल्या ती नात शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, थंडीत, एका मंगळवारी सकाळी. लेक त्यांच्या उशाशी होती.