देवमाशाच्या पोटातली हाक

धक्क्याच्या टोकाला मुंगी शिरायलाही जागा नव्हती. मधोमध शंखबाबा उभा. हातात पुरुषभर लांबीची पितळी नळी. तिचं एक टोक पाण्यात, दुसरं भक्तांच्या कानाला.

"माणूस बुडतो, हाक बुडत नाही!" बाबा गरजला. "दर्यानं देह घेतला, आवाज देवमाशाच्या पोटात ठेवला. ज्याचं त्यानं ओळखून घ्या!"

रांगेत माझी वहिनी होती. दादाची होडी वादळात गेली, दादा सापडलाच नाही. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. बर्फाच्या कारखान्यातून मी घरी यायची, तर पलीकडे माणूस राहतं की नाही अशी शंका यावी. त्या दिवशी तिनं नळीला कान लावला आणि तिचा चेहरा उजळला.

"वन्सं, ह्यांचाच आवाज! होडी लागली की लांबून हाक मारायचे ना, तश्शीच."

मीही कान लावला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. खोलातून टीऽऽऽङ असा चढत जाणारा सूर, मग शांतता, मग पुन्हा तोच सूर. पण माझा जन्म यंत्रांच्या आवाजात गेलेला. माणूस इतक्या सारख्या अंतरानं, एकाच सुरात हाक मारत नाही. त्याला धाप लागते. हे ओठांवर आलं होतं, पण वहिनीकडे बघून गिळलं.

बाबा आदल्या दिवशी सांगायचा, "उद्या दर्या बोलेल," आणि दर्या बोलायचा. वर, तो बोलला की किनाऱ्यावर एखादा देवमासा येऊन पडायचा.

"नावातच देव आहे, आता कसली शंका?" किराणावाला म्हणाला.

"देवीच्या रोगाच्या नावात देवी होती," मी म्हटलं, "पण तो गेला लस टोचूनच."

ह्यावर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूवर एक देवमासा आला, आणि तो जिवंत होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई ओल्या चादरी घेऊन धावत आल्या. "भरती येईपर्यंत ह्याचं अंग ओलं ठेवा, मग सगळे मिळून लोटू."

"खबरदार!" बाबा ओरडला. "त्यातून आत्मे सुटतायत. शिवाल तर ते अडकतील!"

गर्दी मागे सरली. पुढे आली ती वहिनी. माशाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या मध्ये ती हात पसरून उभी राहिली. "नका हो शिवू. आत हे आहेत." तिला ओढून बाजूला काढायचा कुणाला धीर झाला नाही, मलाही नाही. भरती यायच्या आत मासा मेला. त्याचा शेवटचा श्वास सगळ्यांनी ऐकला. वहिनी तेवढीच त्याच्याजवळ बसून राहिली.

डॉक्टरीणबाईंनी त्याची चिरफाड केली. पोट रिकामं होतं, कानांभोवती रक्त साकळलेलं. हात धुता धुता त्यांनी मला विचारलं, "बाबाला दिवस आधी कसा कळतो?"

"त्याचा मेहुणा बंदराच्या वायरलेस खोलीत बसतो."

बाई एकदम थांबल्या. लढाऊ जहाजांचा सराव असला की मोठ्या बोटींना 'त्या भागात जाऊ नका' असा इशारा वायरलेसवरूनच जातो, आणि मेहुणा तोच बाबाच्या कानावर घालतो, हे मलाही तेव्हा उमगलं.

पुढच्या खेपेला बाबानं पुन्हा दर्या बोलणार असल्याचं जाहीर केलं. त्या सकाळी सराव रद्द झाल्याचा निरोप वायरलेसवर आला; पण मेहुणा तापानं घरी झोपलेला! नळी पाण्यात गेली. कान बदलले, माणसं बदलली, पण आवाज काही येईना.

"इथं कुणीतरी अविश्वासी आहे!" बाबानं माझ्याकडे बोट केलं.

"मी जाते की." मी धक्का सोडून थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तरी दर्या मुकाच. आता मात्र लोक हसले.

सरावाचा नवा दिवस डॉक्टरीणबाईंनी राजरोस बंदरात विचारला आणि सगळ्यांना सांगितला. त्या दिवशी त्यांनी होडीचं साधं वल्हं पाण्यात धरलं. "मंत्र नाही, पितळ नाही. लावा कान."

टीऽऽऽङ!

"पाण्यात आवाज फार लांब जातो," त्या म्हणाल्या. "पाणबुडी शोधायला जहाजं जोराचा आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. ह्यालाच सोनार म्हणतात. देवमासा डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. खोल बुडी मारणाऱ्या काही जाती ह्या आवाजानं बिथरतात, खाणं सोडतात, कळपातून फुटतात, भलत्याच वेगानं वर येतात. मग अंगात वायूचे बुडबुडे होऊ शकतात, घाईनं वर आलेल्या पाणबुड्या माणसाला होतात तसे. प्रत्येक मासा ह्यानंच मरतो असं मी म्हणणार नाही. पण बाबाच्या हाकेनं एकही येत नाही."

बाबानं नळी काखोटीला मारली आणि पोबारा केला.

वहिनीनं वल्ह्याला खूप वेळ कान लावला. "म्हणजे हे मला हाक मारत नव्हते?"

"नाही, वहिनी."

"आणि तो मासा? वाचला असता?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठाऊक नाही. प्रयत्न मात्र करता आला असता."

वहिनी त्या दिवशी रडली, दादा गेल्यावरही रडली नव्हती इतकी. पुढे आणखी एक देवमासा वाळूला लागला, तेव्हा सगळ्यात आधी तीच पाण्यात उतरली. त्याच्या डोळ्याशी वाकून सारखं काहीतरी बोलत होती. भरतीला आम्ही सगळ्यांनी लोटलं, तो गेला. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात तशीच उभी. म्हणाली, "एकटाच गेला गं. ह्याची माणसं सापडतील ना ह्याला?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि मी बनवून सांगितलं नाही.

लोकहो, बाबाला विचारा, "कसं कळलं?" जहाजवाल्यांनाही विचारा, "देवमाशांची वाट सोडून सराव करता येणार नाही का?" विचारल्यानं कुठलाच खरा देव कोपत नाही. आणि तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं पडलं असेल, तर त्याच्याशी जाऊन बोला. भुकेल्या कानात बाबा काहीही ओततो.