दारावरचा टॉवेल

खट्.

एवढासाच आवाज. दुपारचं घर गप्प पडलं होतं, नवरा कामावर गेला होता, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचाही डोळा लागत आला होता. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली. मांडीवरचे कपडे तिथंच सांडून ती धावली.

"गुंडे, कडी काढ."

"मी आत आहे."

"म्हणूनच सांगतेय. काढ आधी."

आतून एक लांबलचक सुस्कारा आला, अगदी आजोबांच्या वळणाचा, आणि कडी निघाली. तिनं खुंटीवरचा जाड टॉवेल ओढला, त्याची घडी घातली आणि दाराच्या माथ्यावर कडीच्या बाजूला टाकली, निम्मी आत, निम्मी बाहेर. मग दार ओढून पाहिलं. लागलं नाही. कापडावर अडून दोन बोटं फट राहिली.

"सगळं दिसतं," गुंडी आतून कुरकुरली.

"कुणाला दिसतंय? घरात तू आणि मी."

"मला दिसतंय ना. तू दिसतेस."

गुंडी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. ते शिंपी. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणाले होते, "ही तर शर्टाच्या गुंडीएवढी आहे, हरवायची कुठंतरी." तेव्हापासून खरं नाव फक्त शाळेत चालायचं.

टॉवेलची रीत मात्र घरातली नव्हती, हॉस्पिटलातली होती. ती तिथं नर्स होती, नव्या इमारतीतल्या पुरुषांच्या वॉर्डात. इमारत बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. पण त्यात राहणाऱ्याला विचारावं. खोल्या बांधल्या चार खाटांच्या, आणि उद्घाटन होतं न होतं तोच प्रत्येकीत पाचवी खाट घुसवली. जागा उरली होती ती बाथरूमच्या दारासमोरच. दार बाहेर उघडायचं, ते खाटेवर आपटायला लागलं. मग काय, खाट हलवण्याऐवजी दार फिरवलं. आता ते आत उघडायचं, आणि आत जागा म्हणाल तर माणूस वळला की कोपरानं नळ सुरू व्हावा. चक्कर येऊन कुणी पडलाच तर आडवा होणार तो दारालाच.

एकदा तसं होता होता राहिलं. माणूस भिंतीकडे कलंडला म्हणून वाचला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी वर सांगितलं. वरचे आले, त्यांनी दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, "करू" म्हणाले. ते "करू" अजून वाटेतच होतं. शेवटी मोठ्या सिस्टरनीच नियम घातला: पेशंट आत गेला की दारावर टॉवेल, आणि बाहेर कुणीतरी फटीला डोळा लावून उभं. मान कलायला लागली, चेहरा पांढरा पडला की माणूस कोसळायच्या आधी आत शिरायचं. एकदा का तो खाली गेला की फट असून नसून सारखीच. टॉवेल लागला तेव्हापासून एकही माणूस पडला नव्हता.

मग तिचे बाबा, गुंडीचे आजोबा, आजारी पडले. ताप उतरला, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिच्याच वॉर्डात खाट मिळाली. सगळे म्हणाले, घरचीच सिस्टर, आता काळजी कसली.

बाबांनी पहिल्याच दिवशी वॉर्ड हसवला. हॉस्पिटलचा मागून उघडा झगा अंगावर चढवून म्हणाले, "हा शिवणाऱ्याला माणसाला पाठ असते हे कुणी सांगितलंच नाही वाटतं." बाथरूम पाहून म्हणाले, "आणि याचं माप बसलेल्या माणसावर घेतलं की उभ्या? काखेत काचतंय." वॉर्डातल्या मावशी पोट धरून हसल्या. रोज त्याच त्यांना बाथरूमला न्यायच्या, टॉवेल टाकायच्या आणि फटीतून त्यांच्याशी कापडाच्या भावावर वाद घालत उभ्या राहायच्या.

त्या सकाळी मावशी दुसऱ्या टोकाला चादरी बदलत होत्या. बाबांना तीच घेऊन गेली. दारासमोरच्या पाचव्या खाटेपाशी त्या पेशंटची बायको आणि तरणी मुलगी बसल्या होत्या. हात लांब केला तर दाराला लागेल इतक्या जवळ. बिचाऱ्यांनी माना फिरवल्या, पण माना फिरवून कान कुठं फिरतात?

"दार लाव," बाबा हळूच म्हणाले.

"बाबा, नियम आहे."

"नियम पेशंटला. मी तुझा बाप आहे."

"इथं तुम्ही पेशंटच."

ते चौकटीला धरून उभे राहिले. आत जाईनात. "जन्मभर बायकांची मापं घेतली," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मान खाली घालून घेतली. आता त्यांच्यापुढ्यात असा बसू? जाऊ दे. चल परत. नाही जायचं मला."

ते खरंच वळले. पायजम्याची नाडी मुठीत धरलेली. दुसरा कुणी पेशंट असता तर तिनं दटावून आत बसवलं असतं. "आजोबा, लाजायला काय झालं, आम्हाला रोजचंच आहे," हे वाक्य तिच्या जिभेवर घोटलेलं होतं. बापापुढं ते उमटलंच नाही. तिनं हात वर केला आणि टॉवेल काढला.

"दोनच मिनिटं. कडी लावायची नाही."

"नाही लावत," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला, की तिला वाटलं, आपण बरोबर केलं.

कडी त्यांनी लावलीही नाही. शब्दाचे पक्के.

ती दारावर तळवा ठेवून उभी राहिली. पाणी वाजलं. "बाबा?" "हं." मग पाणी थांबलं. मग दुकानातल्या फळीवरून कापडाचा तागा पडावा तसा आवाज आला.

तिनं दार ढकललं. ते जरासं सरकलं आणि कशावर तरी मऊ अडलं. काय ते तिला लगेच कळलं.

"अगं ढकलू नकोस," आतून आवाज आला, अगदी नेहमीचा. "लागतंय."

न ढकलावं तर दार उघडत नव्हतं, ढकलावं तर ते बापालाच. आत बेलची दोरी होती, पण ओली होते म्हणून साफसफाईवाल्यांनी ती वर गाठ मारून ठेवली होती, उभ्या माणसाच्या हाताला लागेल अशी. बिजागऱ्या आतल्या बाजूला. मोठ्या सिस्टर धावत आल्या, मावशी आल्या, सुताराला बोलवायला माणूस पळाला. ती जमिनीवर आडवी झाली आणि दाराखालच्या चिरेतून बोलत राहिली. "बाबा, सुतार येतोय हं." "हं." "बाबा, गुंडी संध्याकाळी येणार आहे." "हं." सुतारानं करवत लावली तेव्हा त्या आवाजात पुढचे हुंकार ऐकू येईनासे झाले. दार कापून निघालं तेव्हा ते थांबलेलेच होते.

पुढं मोठ्या सिस्टरच्या खोलीत चौकशी झाली. वरचे साहेब बसले होते.

"दारावर टॉवेल होता?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

तिनं तोंड उघडलं, पण मावशींनी तिच्या आधी शब्द टाकला. "होता की. मीच बघितला. सटकून पडला असणार."

मावशी तिथं नव्हत्याच. हे त्या दोघींना ठाऊक होतं, आणि मोठ्या सिस्टरची नजर जशी तिच्याकडे वळली त्यावरून त्यांनाही ठाऊक असावं. ती फरशीकडे बघत राहिली. फरशीत तिचंच तोंड दिसत होतं.

"तरी आम्ही म्हणत होतो," साहेब म्हणाले, "असल्या जुगाडाचा भरवसा नाही. दिसायलाही वाईट दिसतं. उद्यापासून एकाही दारावर टॉवेल नको."

नवं दार बसवलं. तेही आतच उघडणारं. समोर खाट होतीच ना.

आज सकाळी मोठ्या सिस्टरचा फोन आला होता. "उद्या येतेयस ना? माणसं कमी आहेत." मग जरा थांबून, "तुझ्या बाबांच्या खाटेवर एक आजोबा आलेत. उभं राहिलं की गरगरतं त्यांना. टॉवेल नाही, काही नाही, जीव नुसता टांगणीला लागलाय बघ."

"हो," ती म्हणाली होती. वाक्य घशापर्यंत आलं होतं: टॉवेल पडला नव्हता, मी काढला. एवढं बोलली असती तर टॉवेल परत दारावर चढले असते. आणि तिची नोकरी गेली असती, मावशींचीही. सासर-माहेरचे "नशीब" म्हणून गप्प बसले होते, तेही गप्प राहिले नसते. तिनं फोन ठेवला होता आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली होती.

"झालं," गुंडी म्हणाली. हात धुतल्याचं दाखवायला ओले तळवे आईच्या गालाला लावले. मग वर टॉवेलकडे बघितलं.

"तुझ्या वॉर्डातली मावशीआजी त्या दिवशी माझ्या बाबांना सांगत होती. आजोबांचा टॉवेल सटकून पडला."

तिनं मुलीचे हात पुसायला घेतले. बोटं एकेक करून पुसली, पुसून झालेली पुन्हा पुसली.

गुंडीनं हात सोडवून घेतला. दार धरलं आणि जोरात ओढलं. धप्. टॉवेल जागच्या जागी. पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं. धप्. मग दोन्ही हातांनी कडीला लोंबकळून दार गदागदा हलवलं. टॉवेलाचं टोक नुसतं डुललं.

गुंडी थांबली. कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले आणि आईकडे पाहिलं.

"आई, हा तर पडत नाही. मग आजोबांचा कसा पडला?"