मेव्हण्याने मागितलेले बूट

सुव्याहून गावी आल्यापासून अपेनिसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्षभर त्याने शहरातल्या जिममध्ये घाम गाळला होता. पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर मांड्या अशा भरल्या होत्या की जुन्या चड्ड्या वर चढेनात. आणि इथे सिंगाटोकात ढकलायला काही म्हणजे काही नव्हतं. कमावलेलं सगळं ओसरून जाईल या धास्तीने तो कसाव्याचं पोतं खांद्यावर घेऊन अंगणात उठाबशा काढू लागला. मावशी म्हणाली, पोतं स्वयंपाकघरातच न्यायचंय, तिकडे सरकत सरकत काढ.

शनिवारी जिल्ह्याच्या रग्बी संघाची निवड होती. एकच जागा उरलेली. अपेनिसाचं वय बघता यंदा हुकली की पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. ना धड झोप, ना जेवणात लक्ष.

त्यात त्याच जागेसाठी समोर इनोके, त्याचा मामेभाऊ. गावच्या रीतीने आते-मामे भावांनी एकमेकांना मेव्हणा म्हणायचं आणि जन्मभर टोमणे मारायचे. इनोकेने मशीन कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. रोज समुद्राकाठच्या वाळूच्या टेकडीवर अनवाणी धावत चढायचं, माथ्यावर जोर काढायचे, उतरायचं, एवढाच त्याचा व्यायाम.

"मेव्हण्या, या मांड्या तुझ्या की भाड्याच्या?" तो विचारायचा. पण विचारताना त्याची नजर अपेनिसाच्या नव्या बुटांवर असायची.

शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी अपेनिसा नाड्या बांधत होता, तेवढ्यात इनोके शेजारी येऊन बसला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"केरेकेरे, मेव्हण्या. बूट दे."

केरेकेरे म्हणून नातलगाने मागितलं की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. अपेनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका आजचाच दिवस सापडला याला! तरी त्याने बूट काढून दिले.

प्रशिक्षक विलिकेसांची परीक्षा साधी होती. टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. शेवटपर्यंत टिकेल तो संघात.

पहिल्या चढणीला अपेनिसा सगळ्यांच्या मागे राहिला. मशीनवर पाय रेटला की पाठीला टेकू असे. इथे जितकं रेटावं तितकी वाळू खाली घसरायची. त्याला रडू यायचं बाकी होतं. मग कधीतरी उघड्या पायाची बोटं आपोआप वाळूत रुतली, लहानपणी रुतायची तशी. अंग पुढे झुकलं. बोटांना पकड मिळाल्यावर त्या भरदार मांड्याही कामाला आल्या.

एकेक गडी खाली बसत गेला. उरले दोघे. इनोकेचे बूट वाळूने भरले होते, पाऊल उचलताना त्याचा तोल जात होता. बूट काढ, एवढं ओरडून सांगायचं होतं. अपेनिसाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या चढणीला इनोके गुडघ्यांवर आला, तो उठलाच नाही.

विलिकेसांनी जर्सी अपेनिसाच्या हातात दिली. लोक पाठ थोपटत होते. त्याचं लक्ष इनोकेकडे होतं. तो बूट पालथे करून वाळू झाडत होता. मग उठून सरळ अपेनिसाकडे आला.

"मेव्हण्या, केरेकेरे."

जर्सी मागितली तर द्यावीच लागणार होती. अपेनिसाने ती छातीशी घट्ट धरली.

"मला सुव्याला घेऊन चल," इनोके म्हणाला. "ते मशीन दाखव. नुसत्या बुटांनी भागत नाही, आज कळलं मला."

अपेनिसाने हो म्हणत मान हलवली; बुटांनीच घात केला, हे त्याने आताही सांगितलं नाही. याने जर्सीच मागितली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.