घरातली म्हातारी

निकिताच्या बसमध्ये मी पाय ठेवत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी मी पूर्ण पैसे मोजते आणि ऑटोच्या कडेला लटकत ताडकळसच्या बाजाराला जाते. आमचे मालक आश्रुबा म्हणतात, माझं डोकं फिरलंय. फिरू दे.

निकिता म्हणजे शेजारच्या विजयमालाची लेक. खाकी कपडे घालून, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून कंडक्टरकी करते. विजयमाला आणि मी नऊ वर्षं एका टोळीत ऊस तोडला, एका ट्रॅक्टरवर बसून गेलो, फडाजवळ पाचटाच्या शेजारशेजारच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहिलो. तिच्या हाताला घट्टे पडले तसेच माझ्याही हाताला पडले. मग तिच्याच घरावर पक्का स्लॅब का यावा? तिच्याच सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन का व्हावं? आता ती उसाला जात नाही. दारात शेंगा फोडत बसते आणि मी दिसले की मुद्दाम विचारते, "सरजा, चहा घेतीस का?" मी घेत नाही. तिच्या चहात साखर फार असते.

कुणी विषय काढला की मी सांगते, नशीब एकेकाचं. त्यांच्या घरी म्हातारी होती, म्हणून निकिता गावात राहून शिकली. आमच्या घरी नव्हती, म्हणून माझी पंकजा आमच्यासंगं फडात आली आणि धाकट्या भावाला सांभाळत राहिली. पुढं तिचं लग्न झालं, आता ती नवऱ्याबरोबर ऊस तोडते. यात कुणाची काय चूक?

दिवाळी झाल्यावर पंकजाचा फोन आला.

"आई, सोमवारी ट्रॅक्टर यायलाय. भक्तीला तुझ्यापाशी ठिवू का? मास्तर म्हनायलेत, पोरगी हुशार हाय, शाळा बुडवू नका."

भक्ती माझी नात, यंदाच पहिलीत गेलेली.

"माझे गुडघे चालंनात बाई," मी म्हणाले. खरं तर कापूस वेचणीचे दिवस होते आणि मला चार पैसे गाठीला बांधायचे होते.

"बरं. मंग नेते संगं. बाळाला तरी सांभाळंल."

तिचं बाळ दीड वर्षाचं आहे. पंकजा रागावली नाही, याचं मला बरंच वाटलं. फडात थंडी फार असते, म्हणून दुसऱ्या दिवशी भक्तीला स्वेटर घ्यायला मी बाजाराला निघाले.

तर सगळे ऑटो एका लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेले. तासभर फाट्यावर उभी राहिले आणि शेवटी आली ती निकिताचीच बस. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून मी मागच्या सीटवर बसले. शेजारी गावातलेच भगवानतात्या होते.

"सरजाकाकू," निकितानं पदराखालूनही ओळखलं. "आज आमच्या गाडीचं नशीब उघडलं म्हनायचं. पंकी कशी हाय?"

"मजेत हाय."

"तात्या, काकूची पंकी वर्गात माझ्या म्होरं होती," ती तिकीट फाडत म्हणाली. "मला सतराचा पाढा येत नव्हता, तिनं पाठ करून घेतला. मशीन असलं तरी सुट्टे देताना मी अजून तिच्याच चालीत पाढा म्हनते."

"मंग ती का न्हाई लागली नोकरीला?" तात्यांनी विचारलं.

"यांच्या घरी म्हातारी होती," मी घाईनं म्हणाले.

"आजी तर म्हनली होती काकूला," निकिता हसली, "पंकीला बी ठिव, दोघी एका ताटात जेवतील. पन काकूचा लेकीवर लय जीव. सोडवलं न्हाई त्यांच्यानं." आणि ती पुढच्या सीटकडे गेली.

जीव कसला? त्या वर्षी टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी दगडाबाई, म्हणजे निकिताची आजी, भिंत चाचपडत आमच्या दारात आली होती. एका डोळ्यानं तर तिला काहीच दिसत नव्हतं. "राहू दे पोरीला माझ्यापाशी," म्हणाली. आणि माझ्या मनात काय आलं, तर माझी लेक विजयमालाच्या घरचं खाईल आणि विजयमाला सगळा हंगाम टोळीत सांगत फिरेल. ते मला सोसलं नसतं. धाकट्याला कोण सांभाळणार, असं म्हणून मी म्हातारीला परत पाठवलं आणि नऊ वर्षांच्या पोरीला ट्रॅक्टरवर चढवलं. हे मी मालकांनाही कधी सांगितलेलं नाही.

बाजारात लाल स्वेटर हातात घेतला आणि परत ठेवला. दुकानाच्या पायरीवर बसून पंकजाला फोन लावला.

"पंकी, भक्तीला ठिव माझ्यापाशी. बाळाला बी ठिव."

"दोघांला? आन तुझे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते. कापूस बी जाऊ दे औंदा. तुझ्या माहेरी म्हातारी हाय की आता."

पलीकडं बाळ रडायला लागलं, तिनं त्याला उचलून घेतल्याचं ऐकू आलं.

"आई," पंकजा म्हणाली, "दगडाआजी आली होती तवा मी दारामागंच उभी होते."

पोरांना रविवारी आणून सोडते म्हणाली आणि फोन ठेवला.

परतायच्या वेळी ऑटो रांगेनं उभे होते, गावचं नाव घेऊन ओरडत होते. मी निकिताच्या बसची वाट बघत बसून राहिले.